हरीशचंद्र : साधन झाले साध्य
आबिड्सला मी गाणे शिकवितो. वडील दरबारी गवई होते. षड्ज कुठेही धरा, रागाचे रूप पालटत नाही, हा आमच्या घरचा पहिला पाठ. बदलातही जे टिकते त्याचे गणित म्हणजे गट सिद्धांत. मूलकणांच्या शास्त्रास तो लागतोच.

कानपूरला १९२३ साली जन्मलेले हरीशचंद्र त्यासाठीच तो शिकले. १९४३ मध्ये बंगलोरला होमी भाभांकडे, १९४५ मध्ये केंब्रिजला डिरॅक यांच्याकडे. सापेक्षतेतील लॉरेन्ट्झ गटावर त्यांनी प्रबंध लिहिला. पण सिद्धता काटेकोर नाहीत, ही खंत उरली. डिरॅकना निसर्गाच्या वर्तनापुढे सिद्धतेची मातब्बरी नव्हती. शिष्याला होती. प्रिन्स्टनला त्यांनी पदार्थविज्ञान सोडले आणि १९८३ साली निधन होईपर्यंत ली गटांचाच रियाज केला.