विश्लेषण : तिबेट न सोडलेले पंचेन लामा… चीनने त्यांना कैदेत का टाकले?

तिबेटचा प्रश्न म्हटला की भारतात आश्रय घेतलेले दलाई लामा आठवतात. मात्र तिबेटमधील दुसऱ्या क्रमांकाचे धर्मगुरू, दहावे पंचेन लामा, मायदेशीच राहिले. चीनचे समर्थक मानल्या गेलेल्या याच धर्मगुरूंनी चिनी राजवटीच्या कारभारावर सविस्तर टीका केली आणि त्यासाठी दीर्घ कारावास भोगला.

पंचेन लामा कोण होते?

त्यांचा जन्म १९३८ मध्ये आम्दो भागात, म्हणजे आजच्या चीनच्या चिंगहाय प्रांतात झाला. १९४९ मध्ये चीनच्या तत्कालीन कुओमिंतांग सरकारने त्यांना पंचेन लामा म्हणून मान्यता दिली. ल्हासाला ती मान्य नव्हती. त्याच वर्षी चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरले आणि १९५१ च्या १७ कलमी कराराच्या वेळी ल्हासालाही त्यांना मान्यता द्यावी लागली. पुढच्या वर्षी ते शिगात्सेच्या ताशिल्हुन्पो मठात परंपरागत गादीवर आले.

१९५९ मध्ये काय घडले?

मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, तो चिरडला गेला आणि दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटींनी हिमालय ओलांडला. अवघ्या २१ वर्षांच्या पंचेन लामांना चीनने तिबेटच्या तयारी समितीचे हंगामी अध्यक्ष केले. पद मोठे होते, अधिकार मात्र नाममात्र.

७० हजार अक्षरांचे निवेदन काय होते?

दौऱ्यांत त्यांनी उपासमार, सरसकट धरपकड आणि ओस पडलेले मठ पाहिले. सहकाऱ्यांनी सावध करूनही त्यांनी १९६२ मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांना निवेदन दिले. चिनी भाषेत ते सुमारे ७० हजार अक्षरांचे होते. उठावापूर्वी मध्य व पश्चिम तिबेटमध्ये असलेल्या सुमारे अडीच हजार मठांपैकी जेमतेम ७० उरले, असे त्यात नमूद होते. भाषा, पोशाख आणि धर्म गेला तर तिबेटी समाजच उरणार नाही, हा त्याचा गाभा होता. सुरुवातीला काही सुधारणांची तयारी दिसली. पण माओंचे धोरण पुन्हा कठोर झाले. १९६४ मध्ये पंचेन लामांना पदावरून हटवण्यात आले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांची जाहीर विटंबना झाली. १९६८ ते १९७७ ते तुरुंगात आणि नंतर १९८२ पर्यंत नजरकैदेत होते.

सुटकेनंतर काय केले?

त्यांना पुन्हा सरकारी पद मिळाले. त्याचा उपयोग त्यांनी मठांच्या उभारणीसाठी आणि तिबेटी भाषेतील शिक्षणासाठी केला. जानेवारी १९८९ मध्ये ते शिगात्सेला गेले. पूर्वीच्या पंचेन लामांच्या उद्ध्वस्त झालेल्या समाध्यांतील अवशेषांसाठी तेथे नवा स्तूप उभारण्यात आला होता. तिबेटने विकासासाठी फार मोठी किंमत मोजली, असे मत त्यांनी तेथे मांडले. काही दिवसांतच, २८ जानेवारीला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. हृदयविकार हे अधिकृत कारण अनेक तिबेटींना आजही पटलेले नाही.

आज हे महत्त्वाचे का?

दलाई लामांच्या पुनर्जन्माला मान्यता देण्यात पंचेन लामांची परंपरेने महत्त्वाची भूमिका असते. १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या गेधुन चोक्यी न्यिमा याला अकरावे पंचेन लामा घोषित केले. काही दिवसांतच चीनने त्याला ताब्यात घेतले. त्यानंतर तो जाहीरपणे कधीच दिसलेला नाही. चीनने दुसऱ्याच मुलाला गादीवर बसवले. त्यामुळे पुढचे दलाई लामा कोण ठरवणार, या वादाचे एक टोक थेट दहाव्या पंचेन लामांच्या रिकाम्या जागेपाशी पोहोचते.