थोर अभियंते विश्वेश्वरय्या

या महिन्यात भित्तिपत्रकात थोरांचे चरित्र लिहायची पाळी माझी आहे. बाकीच्यांनी राजांची आणि पुढाऱ्यांची चरित्रे लिहिली. मी एका इंजिनिअरचे लिहिते आहे. त्यांनी लढाई केली नाही, धरणं बांधली. पण धरणाचा हिशेब चुकला तरी माणसं मरतातच.

त्यांचे पूर्ण नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. जन्मदिवस १५ सप्टेंबर. त्या दिवशी आपल्या देशात अभियंता दिन असतो. लहानपणीच त्यांचे वडील वारले. घरची गरिबी होती. बंगळूरला शिकताना ते मुलांच्या शिकवण्या घेऊन खर्च भागवत. पुढे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली व ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८८३ साली इंजिनिअरच्या परीक्षेत ते पहिले आले. ते आपल्या पुण्यात शिकले हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

१८८४ साली त्यांना मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. लगेच खानदेशात पाठवले. तिथे पांझरा नदीच्या पात्रातून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे होते. पाऊस सुरू झाला, नदीला पूर येऊ लागला, केलेले काम वाळूने भरू लागले. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी वरच्या साहेबांना कळवले. साहेबांना ते आवडले नाही. मग त्यांनी पुन्हा काम हाती घेतले आणि पुरे करून दाखवले. गुरुजी म्हणतात की ही त्यांची जिद्द. ते खरं आहे. पण मला त्यांचे पहिले पत्र जास्त आवडले. नवीन नोकरी असताना धोका आहे असे साहेबाला सांगायला धीर लागतो.

आता खडकवासल्याचे सांगते. आमच्या शिवारात त्याच धरणाच्या कालव्याचे पाणी येते, म्हणून हे जरा जास्त लिहिणार आहे. हे धरण त्यांच्या आधीचे. दर पावसाळ्यात ते भरायचे आणि जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचे. उन्हाळ्यात मात्र पाणी पुरत नसे. भिंत उंच करावी तर खर्च फार. विश्वेश्वरय्यांनी आधी पुराच्या नोंदी पाहिल्या. मोठ्या पुरात पाणी सांडव्याच्या वर सहा ते आठ फूट चढत होते. म्हणजे तेवढ्या पाण्याचा भार भिंत सोसत होतीच. मग त्यांनी ठरवले की सांडव्यावर दारे बसवायची आणि ते पाणी अडवायचे.

पण रात्री अचानक पूर आला आणि दारे उघडायला कोणी नसले तर? म्हणून त्यांनी आपोआप उघडणारी दारे केली. ती कशी चालत ते गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवले, तरी मला कळले नाही. मग आईने आडावर दाखवले. बादली पाण्यात असते तोवर हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की जड होते. तिथेही तसेच होते. दाराला एक जड वजन जोडलेले असे, त्याने दार बंद राही. ते वजन एका हौदात असे. धरण पुरते भरले की नळातून पाणी हौदात येई. वजन पाण्यात हलके होई आणि दार उघडे. पाणी उतरले की हौद रिकामा होई, वजन पुन्हा जड होई आणि दार लागे. १९०३ साली ही दारे बसवली. भिंत न वाढवता सुमारे पाव हिस्सा पाणी जास्त साठू लागले. या युक्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, कारण ते काम त्यांनी सरकारी नोकरीत असताना केले होते.

२८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीला मोठा पूर आला. हजारो माणसे मेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. ते आल्या आल्या बांधायला लागले नाहीत. कुठे किती पाऊस पडला, वरच्या अंगाची किती तळी फुटली, याची त्यांनी माहिती गोळा केली. पाणी शहरात शिरल्यावर अडवून उपयोग नाही, ते वरच अडवायला पाहिजे, असा त्यांनी सल्ला दिला. त्याप्रमाणे उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला.

मग ते म्हैसूरला गेले. १९११ साली कावेरीवर कृष्णराज सागर धरण सुरू झाले. १९१२ साली ते दिवाण झाले. मद्रास सरकारने धरणाला हरकत घेतली, म्हणून आधी ८० फूट उंचीचीच परवानगी मिळाली. तरी पाया मात्र मोठ्या, म्हणजे १२४ फुटांच्या भिंतीला पुरेल असा घातला. पुढे परवानगी मिळालीच नसती तर तो खर्च वाया गेला असता. पण भिंत नंतर वाढवता येते, पाया नंतर रुंद करता येत नाही. शेवटी भिंत १२४ फूट झाली. सिमेंट नव्हते, चुना आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी वापरली. आमच्या वर्गातल्या काहींचे आईबाबा तिथे सहलीला जाऊन आले आहेत. सगळे वृंदावन बागेचेच सांगतात, भिंतीचे कोणी सांगत नाही.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. ते नवीनच होते, पहिल्यांदाच भरत होते. ते सगळे पाणी एकदम खडकवासल्यात आले. एका फुटलेल्या धरणाचे पाणी दारांतून जाणार तरी कसे? खडकवासल्याची भिंतही फुटली. आमच्या आजीचे माहेर पुण्यात शनिवार पेठेत. ती तेव्हा सात वर्षांची होती. घरात पाणी शिरले आणि ते सगळे पर्वतीवर जाऊन बसले. अजून ती पावसाळ्यात रात्री उठून ओढा बघून येते.

त्या वेळी विश्वेश्वरय्या बंगळूरला होते. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, ते वारले. त्यांनी शंभरी ओलांडली होती. खडकवासल्याची भिंत नंतर पुन्हा बांधली.