किनुयो तानाका : पडद्यावरची नायिका, कॅमेऱ्यामागची दिग्दर्शिका

जपानी अभिनेत्री किनुयो तानाका यांचे नाव जगभरातील चित्रपटरसिकांना प्रामुख्याने केंजी मिझोगुची यांच्या चित्रपटांमुळे परिचित आहे. त्यांनी स्वतः सहा चित्रपटांचे दिग्दर्शन केले, याकडे मात्र जपानबाहेर दीर्घकाळ दुर्लक्षच झाले.

तानाका यांचा जन्म १९०९ साली शिमोनोसेकी या बंदराच्या शहरात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. ओसाकामध्ये बिवा हे तंतुवाद्य वाजवीत त्या मुलींच्या संगीत मंडळीत काम करू लागल्या आणि १९२४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, शोचिकू या चित्रपटसंस्थेत दाखल झाल्या. १९३१ मध्ये हेइनोसुके गोशो यांनी दिग्दर्शित केलेल्या जपानच्या पहिल्या यशस्वी बोलपटात त्यांची भूमिका होती. १९३८ च्या ‘आइझेन कात्सुरा’ या चित्रपटातील परिचारिकेच्या भूमिकेने त्या घराघरांत पोहोचल्या.

ऑक्टोबर १९४९ मध्ये त्या सदिच्छादूत म्हणून अमेरिकेला गेल्या. जाताना त्यांनी किमोनो परिधान केला होता. जानेवारी १९५० मध्ये परतल्या त्या पाश्चात्त्य पोशाखात, काळा चष्मा लावून, जमलेल्या लोकांकडे चुंबनाचे इशारे करीत. पराभवानंतर अमेरिकी अंमलाखाली असलेल्या जपानमधील वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. त्यांच्या वयाचीही हेटाळणी झाली. पोशाखापायी एखाद्या कलावंताला इतकी शिक्षा व्हावी, हे आज विलक्षण वाटते.

या अवहेलनेतून त्या सावरल्या त्या मिझोगुची यांच्या ‘द लाइफ ऑफ ओहारू’ (१९५२) या चित्रपटाने. राजदरबारातील सेवेपासून रस्त्यावरील वेश्येपर्यंत घसरत जाणाऱ्या स्त्रीची ही भूमिका त्यांच्या कारकिर्दीतील शिखर मानली जाते. पाठोपाठ ‘उगेत्सू’ (१९५३) आणि ‘सान्शो द बेलिफ’ (१९५४) आले.

याच सुमारास तानाका दिग्दर्शनाकडे वळल्या. मिकिओ नारुसे यांच्या हाताखाली अनुभव घेऊन त्यांनी १९५३ मध्ये ‘लव्ह लेटर’ हा पहिला चित्रपट केला. पुढील वर्षी तो कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखविला गेला. मात्र दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी, ‘द मून हॅज रायझन’साठी, त्यांच्या नियुक्तीला विरोध केला तो दिग्दर्शकांच्या संघटनेचे प्रमुख असलेल्या मिझोगुचींनीच. या चित्रपटाच्या पटकथेचे एक लेखक यासुजिरो ओझू मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५५ मध्ये चित्रपट पूर्ण झाला. मिझोगुचींबरोबर तानाका यांनी पुन्हा काम केले नाही. त्याच वर्षी त्यांनी स्तनांच्या कर्करोगाने मरण पावलेल्या कवयित्री फुमिको नाकाजो यांच्या जीवनावर चित्रपट केला. रुग्ण स्त्रीच्या शरीराकडे आणि तिच्या इच्छांकडे इतक्या निःसंकोचपणे पाहणारे चित्रपट त्या काळी दुर्मीळच होते.

१९५८ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांनी ‘द बॅलड ऑफ नारायामा’मध्ये सत्तरीला टेकलेल्या वृद्धेची भूमिका केली. ‘सान्दाकान क्रमांक ८’ या चित्रपटातील, परदेशी वेश्यागृहात विकल्या गेलेल्या स्त्रीच्या वृद्धावस्थेच्या भूमिकेसाठी त्यांना १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. २१ मार्च १९७७ रोजी मेंदूतील गाठीच्या आजाराने त्यांचे निधन झाले.

‘द मून हॅज रायझन’ची पुनर्संस्कारित प्रत २०२१ मध्ये कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपट विभागात दाखविण्यात आली.