हुतात्मा अनंत लक्ष्मण कान्हेरे

वयाच्या अठराव्या वर्षी माणूस काय करतो? आपल्यासारखे बहुतेक जण या वयात कॉलेजात प्रवेश घेतात, परीक्षेची काळजी करतात आणि पुढे नोकरी मिळेल की नाही याचा विचार करीत बसतात. पण याच वयात ज्याने फाशीचा दोर गळ्यात घेतला असा एक तरुण महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे नाव अनंत लक्ष्मण कान्हेरे. त्याच्या चरित्राची पाने थोडी आहेत, कारण आयुष्यच थोडे होते. तरीही ती वाचताना मनात जे प्रश्न उभे राहतात ते मात्र थोडे नाहीत.

कान्हेरे घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातले. अनंताचा जन्म १८९१-९२ च्या सुमाराचा. पोटापाण्यासाठी कोकण सोडून दूर जाणाऱ्या असंख्य कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही निजामाच्या मुलखात गेले. अनंताचे लहानपण इंदूर, म्हणजे आजचे निजामाबाद, येथे गेले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी तो औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मामांकडे आला. आपल्या किन्हीराजाहून मालेगाव, मेहकर, जालना असे करीत गेले की हे शहर लागते. त्या काळी मात्र मधे राज्याची हद्द होती. निजामाने १९०२ साली वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना दिले होते. त्यामुळे आपण इंग्रजी अमलाखाली होतो आणि औरंगाबाद निजामाकडे राहिले होते.

औरंगाबादेत अनंताची गंगाराम रूपचंद श्रॉफ या मारवाडी तरुणाशी गाढ मैत्री जमली. तो गंगारामच्या घरी राहूही लागला. ही मैत्री किती जिवाभावाची होती हे कळण्यास एक गोष्ट पुरेशी आहे. अनंताने या मैत्रीवर ‘मित्रप्रेम’ नावाची कादंबरी लिहिली. ज्या मुलाचे नाव पुढे पिस्तुलाशी कायमचे जोडले गेले, त्याने आधी लेखणी धरली होती, आणि तीही मैत्रीचे वर्णन करण्यासाठी, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. गंगारामने त्याच्या निश्चयाची कसोटी पाहिली तेव्हा अनंताने तापलेली दिव्याची काच दोन्ही हातांनी धरून ठेवली, अशी हकीकत सांगतात. नाशिकच्या गुप्त मंडळातले लोक औरंगाबादेस येऊ-जाऊ लागले तेव्हा त्यांना हा तरुण सापडला, की या तरुणाला ते सापडले, हे ठरविणे कठीण आहे.

नाशिकची परिस्थिती त्या वेळी धुमसत होती. सावरकर बंधूंनी सुरू केलेल्या मित्रमेळ्यातून १९०४ साली ‘अभिनव भारत’ ही गुप्त संघटना उभी राहिली होती. धाकटे विनायकराव १९०६ साली बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले आणि थोरले बाबाराव नाशिकचे काम पाहू लागले. १९०९ साली बाबारावांना देशभक्तिपर कविता प्रसिद्ध केल्याबद्दल अटक झाली आणि ८ जून १९०९ रोजी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. कवितांची एक चोपडी छापल्याबद्दल जन्मभर अंदमान! या शिक्षेने नाशिकच्या तरुणांची मने पेटून उठली. खटला चालविण्यात पुढाकार होता नाशिकचे कलेक्टर आर्थर जॅक्सन यांचा. तरुणांचा सारा राग त्यांच्यावर केंद्रित झाला.

येथे पिस्तुलांची कथा सुरू होते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले होते, पण युरोपियनांना या बंधनातून मोकळीक होती. म्हणजे राज्यकर्त्याच्या खिशात पिस्तूल आणि रयतेच्या हातात काठी, अशी ही व्यवस्था होती. अशा देशात शस्त्र आणायचे तर ते लपवूनच आणावे लागे, आणि लपवायचे तर ते लहानच असावे लागे.

नेमके त्याच सुमारास असे शस्त्र युरोपात तयार झाले होते. अमेरिकेतील युटा प्रांतात एका बंदूक कारागिराच्या घरी १८५५ साली जन्मलेल्या जॉन ब्राऊनिंगने स्वयंचलित पिस्तुलाचा एक सुटसुटीत नमुना तयार केला, आणि बेल्जियममधील लीएज शहराजवळच्या कारखान्याने तो बनविण्यास घेतला. १९०० चा नमुना म्हणून तो ओळखला जातो. जुन्या रिव्हॉल्व्हरला काडतुसांचे फिरते जाड चाक असे, त्यामुळे ते खिशात फुगून दिसे. ब्राऊनिंगच्या पिस्तुलात मुठीच्या आत सात काडतुसे एकावर एक बसत. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरके, रिकामे टरफल बाहेर पडे आणि नवे काडतूस आपोआप नळीत येई. गोळीचा व्यास ७.६५ मिलिमीटर, लांबी सुमारे १७ सेंटिमीटर आणि वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. या एका नमुन्याची सुमारे सात लाख पिस्तुले बनली. पुढे १९०६ साली तर त्याच कारखान्याने ६.३५ मिलिमीटरचे, जेमतेम वीतभरही लांब नसलेले, बंडीच्या खिशात मावणारे पिस्तूल काढले. युरोप-अमेरिकेत अशी जुनी खिशातली पिस्तुले जमविणारे आणि मैदानावर ती चालवून पाहणारे हौशी लोक आजही पुष्कळ आहेत. त्यांच्या लेखी ती यंत्रकलेची सुबक उदाहरणे होत. पण ज्या हातांतून ती गेली त्या हातांचा इतिहास पाहिला की नुसत्या हौसेने त्यांच्याकडे बघवत नाही. १९१४ साली साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर जे पिस्तूल चालले तेही याच कारखान्याचे होते, आणि त्या गोळ्यांमागून पहिले महायुद्ध आले.

लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा स्वयंपाकी होता. विनायकराव सावरकरांनी त्याच्याबरोबर वीस ब्राऊनिंग पिस्तुले आणि काडतुसे हिंदुस्थानात पाठविली. पेटीला खोटा तळ करून त्यात ती दडविली होती. मार्च १९०९ च्या सुरुवातीस ती मुंबईस पोहोचली. तेथून त्यांतील काही नाशिकच्या मंडळाकडे आली. या मंडळाचे सूत्रधार होते कृष्णाजी गोपाळ कर्वे, मुंबईस कायद्याचा अभ्यास करणारे पदवीधर, आणि त्यांचे सहकारी विनायक नारायण देशपांडे हे नाशिकचे शाळामास्तर. जॅक्सन यांना मारण्याचे ठरले तेव्हा ते काम अंगावर घेतले औरंगाबादच्या अनंताने. जॅक्सन यांनी त्याचे व्यक्तिशः काहीच बिघडविले नव्हते आणि नाशिकही त्याचे गाव नव्हते.

डिसेंबरात जॅक्सन यांची मुंबईस बढतीवर बदली झाली. ते निघून जाण्यापूर्वीच बेत पार पाडणे मंडळाला भाग पडले. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात निरोपाचा कार्यक्रम ठरला होता. किर्लोस्कर नाटक मंडळी ‘संगीत शारदा’ करणार होती. जरठ-कुमारी विवाहावरचे देवलांचे ते नाटक त्या काळी गावोगाव गाजत होते. अनंत आधीच आत येऊन बसला होता. कर्वे आणि देशपांडेही हत्यारे घेऊन हजर होते. जॅक्सन आत शिरले आणि आपल्या जागेकडे निघाले, तोच अनंताने पुढे होऊन पिस्तूल झाडले. लागोपाठ गोळ्या लागून जॅक्सन जागच्या जागी कोसळले. त्यानंतर स्वतःचाही शेवट करून घ्यावयाचा अनंताचा बेत होता, पण तेवढ्यात लोकांनी त्याला पकडले. तो पळाला नाही आणि केलेले कृत्य त्याने नाकारलेही नाही.

आता जॅक्सन यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण चरित्र लिहिताना एकच बाजू सांगणे योग्य नव्हे. हा अधिकारी नुसता कागदी कलेक्टर नव्हता. त्यांना संस्कृत येत होते आणि लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी अपुरा ठेवलेला गुजरातचा प्राचीन इतिहास त्यांनी पूर्ण केला. तो मुंबई गॅझेटियरमध्ये १८९६ साली प्रसिद्ध झाला. गुजरात आणि कोकणातील लोकसमजुतींची त्यांनी गोळा केलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने निघाली. आपल्या रूढी आणि दैवतांविषयी जिज्ञासा बाळगणारा हा विद्वान मनुष्य होता, यात शंका नाही. परंतु तोच मनुष्य कवितांबद्दल जन्मठेप देणाऱ्या राज्ययंत्राचा हातही होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी खऱ्या होत्या. परकीय सत्तेचे दुर्दैव असे की तिच्या चांगल्या माणसांनाही तिचीच कामे करावी लागतात. आणि गुलामीचे दुर्दैव असे की गुलामाला समोर माणूस दिसत नाही, सत्ता दिसते.

खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या खास न्यायासनापुढे चालला. ज्यूरी नव्हती. २९ मार्च १९१० रोजी निकाल लागला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी, तिघांना जन्मठेप काळे पाणी आणि एकाला दोन वर्षांची शिक्षा झाली. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी देण्यात आले. प्रेते नातलगांच्या स्वाधीन केली नाहीत. ठाण्याच्या खाडीकाठी सरकारनेच ती जाळून टाकली. मुलाला अखेरचे पाणी पाजण्याचा हक्कही घरच्यांना मिळाला नाही. खुनाच्या दिवसापासून फाशीपर्यंत पुरते चार महिनेही झाले नव्हते.

या प्रकरणाची झळ लंडनपर्यंत पोहोचली. चतुर्भुज अमीनने सरकारला सर्व हकीकत सांगितली. मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनला पकडण्यात आले आणि ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सन यांच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल त्यांना दुसरी जन्मठेप झाली. लंडनहून पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकीच एक नाशिकला वापरले गेले, हा त्यातील मुख्य आधार होता. नाशिकच्या मंडळाचे तर कंबरडेच मोडले. कितीतरी तरुण तुरुंगात गेले आणि कितीतरी घरांवर पोलिसांच्या धाडी पडल्या.

मग या मरणाने काय साधले? इंग्रज गेले ते पुढे सदतीस वर्षांनी, आणि ते केवळ पिस्तुलाने गेले नाहीत. लाखो माणसांनी तुरुंग भरले, मिठाचा कायदा मोडला, चळवळी केल्या. खुनाच्या मार्गाला तेव्हाही पुष्कळांचा विरोध होता आणि आज स्वतंत्र, कायद्याच्या राज्यात तर तो मार्ग कोणी अनुसरावा असे नाही. तरीही अनंताचे स्मरण ठेवलेच पाहिजे. त्याला सत्ता नको होती, पैसा नको होता. आपण मरणार हे त्याला पुरते ठाऊक होते. परक्या गावात, परक्या लोकांवर झालेला अन्याय त्याने आपला मानला. ज्या मुलाने मैत्रीवर कादंबरी लिहिली त्याला चांगले दिवस मिळते तर तो आणखी काय लिहिता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. एका राजवटीने आपल्या हुशार मुलांना असल्या मार्गाला लावावे, हा त्या राजवटीवरचा सर्वांत मोठा आरोप होय.

नाशिकचे मोठे क्रिकेटचे मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे रोज सकाळी त्याच्याच वयाची मुले खेळतात, धावतात. आपल्या कॉलेजातील मुलेही त्याच वयाची आहेत. आपल्याला मत मांडण्याची, कविता छापण्याची, सभा घेण्याची मुभा आहे. ज्या काळात एवढ्याच गोष्टीसाठी एकाला अंदमान आणि त्याच्यामागून तिघांना फाशी मिळाली, तो काळ ध्यानात ठेवून ही मुभा वापरणे आणि ती दुसऱ्यालाही मिळेल हे पाहणे, एवढे तरी आपल्या हातून व्हावे.