अंगणातली शाळा



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तुम्ही चिंचोके, सागाची पाने आणि बांबूच्या काड्या पाहिल्या असतील. अशाच साध्या वस्तूंनी एका बाईंनी शाळा उभी केली. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर काही वर्षे त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला राहिल्या. पुढे राजकोटला त्या अध्यापिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. ही मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुले खेळत, गात, आपल्या हातांनी वस्तू करत आणि शिकत. ही पद्धत इटलीच्या मारिया माँटेसरी यांची होती. पण तिची साधने महाग होती. मग गरिबांच्या मुलांनी काय करावे? हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. शिंपले, खडे, पाने, बिया हीच त्यांची साधने झाली. पण गरीब वस्तीतली मुले शाळेत येईनात. कुणाला धाकटे भावंड सांभाळावे लागे, तर कुणाला गुरे चारावी लागत.

ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच बदलली! बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी काम केले. तिथे शाळेला जोडून पाळणाघर काढले. भावंड पाळणाघरात राही आणि ताई वर्गात बसे. गुराखी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आणि मुले शिकत.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना आली. तिच्यामुळे अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर वीस चिंचोके गोळा करा. धाकट्या भावाला किंवा बहिणीला अंगणात बसवून बेरीज शिकवा. एक, दोन, तीन म्हणा किंवा एक, दो, तीन म्हणा. शाळा तिथेच सुरू होईल.