होडी कलते, पण उलटत का नाही?

होडीत नव्याने बसणारा माणूस एक चूक हमखास करतो. होडी कलली की घाबरून उभा राहतो. हे उभे राहणेच का घातक, याचे गणित मांडणारे फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणजे पिएर बुगेर. आणि त्याचा बराचसा भाग त्यांनी लिहिला तो समुद्रापासून दूर, अँडीज पर्वतात!

बुगेर यांचा जन्म १६९८ सालचा, ब्रिटनीतील ल क्रोइझिक या बंदरगावातला. वडील नौकानयनशास्त्राचे प्राध्यापक. ते १७१४ मध्ये वारले आणि त्यांची जागा मिसरूडही न फुटलेल्या पिएरला मिळाली. १७२७ मध्ये जहाजावर डोलकाठ्या कशा उभाराव्यात, या विषयावरचे पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक त्यांनी पटकावले. त्यात मागे पडलेल्यांपैकी एक होता वीस वर्षांचा लिओनार्ड ऑयलर.

१७३५ मध्ये पृथ्वीचा नेमका आकार मोजण्यासाठी अकादमीची तुकडी तेव्हाच्या पेरू प्रांतात, आजच्या इक्वेडोरमध्ये गेली. बुगेर त्या मोहिमेवर होते. थंडी, विरळ हवा, सहकाऱ्यांशी खटके. परत यायला १७४४ उजाडले. या काळात लिहीत आणलेला जहाजांवरचा ग्रंथ १७४६ मध्ये छापला गेला. ‘मेटासेंटर’ ही कल्पना त्यातलीच.

होडी कलली की तिचा पाण्यात बुडालेला भाग बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो. त्या जोराची उभी रेषा होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू मेटासेंटर. होडी व माणसे मिळून जो गुरुत्वमध्य होतो, तो या बिंदूच्या खाली असेल तर होडी आपोआप सरळ होते. वर गेला की संपलेच. लहान होडीत माणसांचेच वजन जास्त, म्हणून एकाच्या उभे राहण्यानेही गुरुत्वमध्य चटकन वर चढतो. तळाशी साचलेले पाणी तर कलत्या बाजूलाच धावते. ते आधी उपसावे. रुंदीचा फायदा मात्र मोठा. लांबी आणि वजन तेच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर वर ढकलणाऱ्या जोराच्या केंद्रापासून मेटासेंटरची उंची सुमारे आठपट होते.

शिडाच्या होडीत वाऱ्याची भर पडते. झोत आला की वाऱ्याकडच्या काठावर बसायचे आणि शिडाची दोरी सैल सोडायची. ती काठाला घट्ट बांधून ठेवणे नवशिक्याला महागात पडते. तरीही उलटलीच, तर पोहत किनारा गाठण्यापेक्षा होडीला धरून राहावे. लाइफ जॅकेट मात्र निघण्यापूर्वीच चढवलेले हवे.

चिखल्यासारख्या खाणीच्या गावाशीही बुगेर यांचे नाते जुळते. १७३८ मध्ये चिंबोराझो पर्वत ओळंब्याला किती ओढतो, हे त्यांनी मोजून पाहिले. मँगनीजचे खनिज भोवतालच्या खडकाहून जड असल्याने त्याच्यावर गुरुत्वाकर्षण किंचित वाढते. जमिनीखालचे असे साठे शोधताना भूभौतिकी सर्वेक्षणात जो फरक काढतात, त्याला आजही ‘बुगेर विसंगती’ म्हणतात. बुगेर १७५८ मध्ये पॅरिसमध्ये वारले.