हातात फुटणारे पिस्तूल

सॅम्युएल कोल्ट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो काउबॉय आणि त्याच्या कमरेचे पिस्तूल. मला मात्र, उमेदीची वर्षे कारखान्याच्या तपासणी खात्यात गेल्यामुळे, कोल्टच्या आयुष्यातले १८४७ साल अधिक मोलाचे वाटते. त्या साली त्याचा नवाकोरा माल शिपायांच्या हातात फुटत होता.

१८१४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला जन्मलेल्या कोल्टने एकविसाव्या वर्षी फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट मिळवले. पॅटर्सनला कारखाना निघाला. पण १८३७ च्या लष्करी चाचणीत हे नाजूक यंत्र नापसंत झाले आणि १८४२ मध्ये कारखान्याला टाळे लागले.

मग मेक्सिकोचे युद्ध पेटले. कॅप्टन सॅम्युएल वॉकरच्या सूचनांवरून नवा नमुना ठरला आणि सरकारने एक हजार नग मागवले. कोल्टकडे स्वतःचा कारखानाच नव्हता! व्हिटनीच्या कारखान्यात घाईने माल उतरला. पिस्तूल कसले, दोन किलोंची तोफच ती. सिलिंडरच्या एकेका खणात साठ ग्रेन, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम दारू मावे. त्या काळच्या लोखंडाला हा दाब पेलवेना. सिलिंडर फुटू लागले. गोळी ठासण्याचा दांडा बाराच्या धक्क्याने खाली पडे आणि पिस्तूल अडके. ऐन चकमकीत घोडेस्वाराने करावे काय?

शिपाई गोळी उलटी बसवतात, दारू जास्त भरतात, ही सबब तयारच होती. कोल्ट काही साधुपुरुष नव्हता. तरुणपणी डॉक्टर म्हणवून घेऊन त्याने गावोगाव हसवणाऱ्या वायूचे खेळ केले होते. पण १८४८ च्या ड्रॅगून नमुन्यात त्याने सिलिंडर आखूड केला, दारू घटवली, दांडा अडकवायला खिटी दिली. तपासनिसाच्या नजरेने पाहता, मला हे पेटंटाहून मोठे काम वाटते.

१८४९ मध्ये त्याने एलिशा रूट या कुशल यंत्रज्ञाला कारखान्यावर आणले. यंत्रे आली, मापे तपासायला गेज आले. कुठलाही सुटा भाग कुठल्याही पिस्तुलाला बसतो, हा दावा मात्र थोडा फुगवलेलाच. शेवटी कानस चालवावी लागेच. म्हणून तर त्या पिस्तुलांच्या मुख्य भागांवर एकच क्रमांक ठोकलेला आढळतो, जुळवलेले भाग एकमेकांत मिसळू नयेत यासाठी.

१० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कोल्ट हार्टफर्डलाच वारला. अमेरिकेत तेव्हा यादवी चालू होती आणि त्याच्या कारखान्यातली पिस्तुले लष्कराकडे रवाना होत होती.